आधी जोडी, मग बर्फ : खानदेशातील जिल्हा क्रीडा परिषदांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा क्रीडा परिषद, जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : आइस डान्सच्या कारकिर्दीची पायाभरणी खानदेशात चाकांच्या स्केटिंगवर करण्याबाबत

महोदय / महोदया,

भुसावळ परिसरात मी शाळकरी मुलामुलींना चाकांचे स्केटिंग शिकवते. त्याआधी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका होते. हिवाळी ऑलिंपिक आले की आमच्या वर्गाच्या पालकांत एक चर्चा हमखास रंगते. कोणीतरी मोबाईलवर आइस डान्सची, म्हणजे बर्फावर जोडीने स्केटिंग करत केलेल्या नृत्याची चित्रफीत दाखवते, आपल्या मुलीला हे जमेल का असे विचारते आणि मग जळगावला बर्फाचे रिंक व्हावे म्हणून निवेदन द्यायच्या गोष्टी सुरू होतात. मुलीला हे जमेल की नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या परिषदांच्या हातात आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. रिंकबाबत मात्र आधीच सांगून टाकते की मी ते मागत नाही. कोणी तसा प्रस्ताव घेऊन आलाच, तर तो तूर्त बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे.

स्पर्धेचे पूर्ण आकाराचे रिंक सुमारे ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद असते. त्या सगळ्या क्षेत्राखाली शीतद्रवाच्या नळ्या टाकाव्या लागतात, वर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरावा लागतो, फिगर स्केटिंगसाठी त्याचा पृष्ठभाग शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि सराव चालू असताना ठरावीक वेळाने यंत्राने वरचा थर खरवडून त्यावर पुन्हा पाणी पसरावे लागते. सावदा-रावेरकडच्या केळीच्या प्री-कूलिंग केंद्रांचे वीजबिल ज्यांनी भरले आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आणि तिथे तर केळी तेरा-चौदा अंशांच्या खाली न्यायचीच नसते, कारण त्याखाली तिची साल काळवंडते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना १,८०० चौरस मीटर बर्फ गोठलेला ठेवणे ही आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या क्रीडानिधीला पेलणारी गोष्ट नाही. देशातलेच उदाहरण समोर आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी डेहराडूनला बंदिस्त रिंक बांधले गेले, स्पर्धा उरकल्यावर ते चालवण्याचा खर्च झेपेना म्हणून ते कित्येक वर्षे बंद पडून राहिले आणि २०२५ मध्ये कुठे पुन्हा सुरू झाले. सिमल्याचे जुने रिंक १९२० पासून आहे, परंतु ते नैसर्गिक बर्फाचे असल्याने हिवाळ्यापुरतेच चालते. तेव्हा बर्फ आहे तिथे आपली मुले कधीतरी जातील. ती तिथे काय घेऊन जातील, याचा विचार आपण करू.

त्यासाठी या खेळाडूची कारकीर्द कशी घडते हे थोडे सविस्तर मांडणे भाग आहे, कारण आपल्या बहुतेक खेळांच्या हिशेबात ती बसत नाही. फिगर स्केटिंगमध्ये जोडीचे दोन वेगवेगळे प्रकार आहेत. पेअर स्केटिंगमध्ये मुलीला डोक्याच्या वर उचलतात, हवेत फेकतात. आइस डान्समध्ये फेकणे नाही, मोठ्या उड्या नाहीत आणि उचलताना उचलणाऱ्याचे हात स्वतःच्या डोक्याच्या वर जाता कामा नयेत. मग उरते काय, असे नवख्याला वाटते. उरते ते पावलांचे काम, आणि ते फार अवघड असते. दोन माणसे पूर्ण वेगात, एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकाच तालावर, पात्याच्या कधी आतल्या तर कधी बाहेरच्या एजवर (कडेवर) झुकून वळतात; दोघांची पाती एकमेकांत अडकू नयेत म्हणून या प्रकारासाठी बनवलेल्या पात्याची मागची बाजू आखूड ठेवलेली असते. स्पर्धेत दोन नृत्ये होतात. पहिले २ मिनिटे ५० सेकंदांचे रिदम डान्स असते, ज्याची लय किंवा विषय आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना प्रत्येक मोसमासाठी ठरवून देते. दुसरे ४ मिनिटांचे फ्री डान्स असते, ज्याचे संगीत जोडी स्वतः निवडते. दोन्हींत दहा सेकंदांची कमीजास्त सूट मिळते. एक तांत्रिक समिती प्रत्येक घटकाची काठिण्यपातळी ठरवते आणि पंच त्यावर उणे पाच ते अधिक पाच अशी गुणवत्तेची श्रेणी देतात.

१९५२ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि १९७६ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आहे. सीनियर गटात खेळण्यासाठी आता वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. एकेरीत मुली विशीच्या आतच शिखर गाठून बाहेर पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आइस डान्समध्ये मात्र विशीच्या उत्तरार्धापर्यंत, कधी तिशीपर्यंत खेळाडू बहरत राहतो, कारण इथे उडीच्या ताकदीपेक्षा मुरलेले पाऊल आणि जोडीदाराची सवय यांना मोल असते. कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांचे उदाहरण घ्यावे. १९९७ मध्ये ती सात वर्षांची आणि तो नऊ वर्षांचा असताना स्कॉटच्या नात्यातल्याच एका प्रशिक्षिकेने ओंटारियोतल्या एका लहानशा गावच्या क्लबात त्यांची जोडी लावून दिली. पहिले ऑलिंपिक सुवर्ण २०१० मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी मिळाले, आणि शेवटचे २०१८ मध्ये, जेव्हा ती २८ वर्षांची होती आणि तो ३० वर्षांचा. मधल्या काळात तिच्या पोटऱ्यांच्या स्नायूंवर दोनदा शस्त्रक्रिया झाल्या, प्रशिक्षक बदलले, गाव सुटले, दोन वर्षे त्यांनी स्पर्धांतून विश्रांतीही घेतली. जोडी मात्र एकवीस वर्षे तीच राहिली.

माझ्या सगळ्या मागण्यांचा पाया इथेच आहे. आइस डान्समध्ये खरी दुर्मीळ वस्तू बर्फ नसून जोडीदार आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. एका चालीची बैलजोडी जमायला किती वर्षे जातात आणि त्यातला एक बैल गेला की दुसऱ्याला नव्या साथीदाराबरोबर जुंपताना काय तारांबळ उडते, हे त्याने पाहिलेले असते. स्केटिंग शिकणाऱ्या मुली जगभर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असल्याने मोठमोठ्या देशांतही मुली जोडीदार शोधत महिनोन्महिने हिंडतात, त्यासाठी परदेशात राहायला जातात, प्रसंगी नागरिकत्व बदलतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या इतर स्पर्धांत जोडीतला एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालते, पण ऑलिंपिकला दोघेही नागरिक असावे लागतात. कॅनडात जन्मलेली टॅनिथ बेल्बिन आणि तिचा अमेरिकन जोडीदार बेन अगोस्टो यांना याच कारणामुळे २००२ चे ऑलिंपिक हुकले. अमेरिकेच्या संसदेने केलेल्या विशेष तरतुदीमुळे २००५ च्या अखेरच्या दिवशी तिला नागरिकत्व मिळाले आणि दीडेक महिन्यात तुरीनच्या ऑलिंपिकमध्ये दोघांनी रौप्यपदक मिळवले. एका जोडीसाठी कायद्यात तरतूद करावी लागते, इतके तिचे मोल असते. आणि आपल्याकडे दहावीचे वर्ष आले म्हणून जोडी एका संध्याकाळी मोडते.

जोडी टिकवण्यात स्थानिक संस्था काय करू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे आहे, आणि हे पत्र खासदार-मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारणही तेच आहे. जेन टॉर्व्हिल ही विमा कंपनीत कारकून होती आणि ख्रिस्तोफर डीन पोलीस शिपाई होता. १९७५ पासून ते एकत्र सराव करीत. दिवसा तिची कचेरी, त्याच्या पोलिसातल्या पाळ्या आणि त्यातून उरलेल्या अवेळी मिळेल तेवढा बर्फ, असे ते चालले होते. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये ते पाचवे आले. पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूंचा आपल्याकडे सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि सोमवारी ते कामावर रुजू होतात. नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने त्यांना आर्थिक साहाय्य दिले, त्यामुळे दोघांना नोकऱ्या सोडून पूर्णवेळ सराव करता आला. १९८१ ते १९८४ अशी सलग चार जागतिक अजिंक्यपदे त्यांनी जिंकली आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये राव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतावर त्यांनी केलेल्या नृत्याला कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ पंचांनी ६.० हे पूर्ण गुण दिले. तांत्रिक गुणांतले तीन धरून एकूण बारा.

त्या नृत्यातली एक बारीक गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. नियमाने कमाल वेळ ४ मिनिटे १० सेकंद होती आणि त्यांचे संगीत कितीही कापले तरी ४ मिनिटे २८ सेकंदांच्या खाली येईना. मग त्यांनी नियम पुन्हा वाचला. घड्याळ सुरू होत असे ते पाते बर्फाला लागून स्केटिंग सुरू झाल्यावर. म्हणून पहिले अठरा सेकंद दोघे बर्फावर गुडघ्यांवर बसून केवळ धड आणि हात हलवत राहिले, आणि सगळ्या जगाला ती सुरुवात म्हणजे कवित्व वाटले. नियमांचे पुस्तक नीट वाचणे हाही सरावाचाच भाग आहे, हे मुलांना पटवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. (आमच्या वर्गातल्या एका मुलाने तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेच्या माहितीपत्रकात पळवाट शोधायचा सपाटा लावला आहे, तो भाग वेगळा.)

नॉटिंगहॅमने रिंक बांधून खेळाडू निर्माण केले नाहीत. रिंक तिथे आधीपासून होते आणि त्यावर हजारो माणसे हौसेने घसरत होती. नव्याने दिला गेला तो दोन माणसांचा वेळ. नवे राष्ट्रीय आइस सेंटर त्या शहरात २००० साली झाले, सुवर्णपदकानंतर सोळा वर्षांनी. आपण हा क्रम उलटा धरतो: आधी इमारत, तिचे उद्घाटन, मग कुलूप.

आता आपल्याकडची अडचण. मुलगा आणि मुलगी हात धरून नाचणार, हे ऐकल्यावर यावल किंवा शिरपूरच्या एखाद्या घरात काय होते, ते मला ठाऊक आहे आणि त्याची थट्टा करण्यात मला रस नाही. आईबापांची काळजी खोटी नसते. परंतु यातून मार्ग आहेत आणि ते आइस डान्सनेच दाखवले आहेत. सख्ख्या भावंडांच्या जोड्या या खेळात नेहमीच होत आल्या आहेत. फ्रान्सच्या इझाबेल आणि पॉल द्युशने या बहीण-भावाने १९९२ मध्ये ऑलिंपिक रौप्य मिळवले. अमेरिकेच्या माया आणि ॲलेक्स शिबुतानी यांनी २०१८ मध्ये कांस्य मिळवले. आमच्या वर्गात एका घरातली दोन-तीन मुले एकदम येतात, त्यांची जोडी लावायला कोणाचीच हरकत नसते. दुसरा मार्ग कॅनडाने २०२२ मध्ये खुला केला: तिथल्या राष्ट्रीय संघटनेने देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्या ‘दोन स्केटर’ अशी केली, त्यामुळे दोन मुलींची किंवा दोन मुलांची जोडीही उतरू शकते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियम आजही एक स्त्री व एक पुरुष असाच आहे, हे खरे. पण जिल्हास्तरावर दोन मुलींनी एकत्र पावले घोटायला काय हरकत आहे? पकड, अंतर, ताल आणि एकमेकींच्या वजनाचा अंदाज या सगळ्या गोष्टी त्यातून शिकता येतात. शिवाय एकट्या खेळाडूने तेच नृत्य करायचे, असा सोलो डान्सचा प्रकार चाकांवर जागतिक पातळीपर्यंत आहे. मुलांचा ओढा शर्यतीकडे असल्याने आमच्याकडे मुली जास्त आणि मुले कमी हे चित्र लवकर बदलणार नाही. ते बदलेपर्यंत मुलींना थांबवून ठेवू नये, एवढेच.

चाकांवरून बर्फावर जाता येते का, ही शंका रास्त आहे. तीन-टर्न, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर, मोहॉक, चॉक्टॉ ही वळणे बर्फावर आणि चाकांवर नावासकट सारखी आहेत. दोन पुढे आणि दोन मागे अशी चाके असलेल्या क्वाड स्केटमध्ये धुऱ्याखाली रबरी गादी असते. पाय बाहेरच्या बाजूला कलला की चाके आपोआप वळतात आणि खेळाडू कमानीत फिरू लागतो. पात्यावर हाच कल अधिक खोल असतो आणि चूक अधिक लवकर उघडी पडते. चाकांवरचे जोडीनृत्य हा स्वतंत्र जागतिक स्पर्धाप्रकार आहे, त्यातही स्टाइल डान्स आणि फ्री डान्स अशी दोन नृत्ये असतात. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताच्या अनुप कुमार यामाने कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत जोडीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा हे आपल्या देशाला अगदीच परके क्षेत्रही नाही. १९९८ ची ऑलिंपिक फिगर स्केटिंग विजेती तारा लिपिन्स्की तीन वर्षांची असताना चाकांवर उभी राहिली होती आणि बर्फावर नंतर गेली. फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यातल्या ओकाला गावची एरिन जॅक्सन चाकांवरच वाढली आणि २०२२ मध्ये ५०० मीटर बर्फशर्यतीत ऑलिंपिक विजेती झाली. तिचा खेळ शर्यतीचा होता, नृत्याचा नव्हे. परंतु उकाड्यात वाढलेल्या मुलांनी बर्फाकडे पाहूच नये, या समजुतीला उत्तर म्हणून ती पुरेशी आहे. ल्यूज, म्हणजे बर्फावरून स्लेजने घसरत जाण्याची शर्यत, खेळणाऱ्या आपल्या शिव केशवन यांनी तर हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर चाके लावलेल्या स्लेजने सराव केला आणि १९९८ ते २०१८ अशी सहा हिवाळी ऑलिंपिक गाठली.

मात्र फरशी हवी. तालुक्याच्या एका गावी ज्या सभागृहात आमचा वर्ग भरतो, तिथे शहाबादी फरशी आहे. तिचे सांधे बोटभर रुंद झाले आहेत. खडूने वर्तुळ आखून मुली त्यावरून बाहेरच्या एजवर एका पायाने फिरतात, तेव्हा सांधा जवळ आला की चाक अडकेल या भीतीने त्या घोटा पटकन सरळ करतात, आणि सांधा ओलांडला की पुन्हा कलतात. पाहणाऱ्याला हे कळतही नाही. पण आठवड्यातून चार दिवस वर्षभर हेच केले की ते अंगवळणी पडते. मग गुळगुळीत फरशीवर नेले तरी वर्तुळाच्या त्याच जागी घोटा सरळ होतो. चुकीची सवय मोडायला ती लागायला लागतो त्याहून जास्त वेळ लागतो, हे सांगायला क्रीडाशिक्षिका असण्याची गरज नाही. लग्नसराईत ते सभागृह भाड्याने जाते, हेही मी समजू शकते, उत्पन्न कोणाला नको असते. परंतु दुसऱ्या दिवशी जिलबीच्या पाकाचे डाग असलेल्या फरशीवर चाके चिकटतात, बेअरिंग खराब होतात आणि ती बदलण्याचा भुर्दंड शेतमजुराच्या पोरीला पडतो.

आणखी एक मुद्दा संगीताचा. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या मोसमात लोकनृत्य हा विषय ठरला होता. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी भारतीय नृत्य जाणणाऱ्या शिक्षिकेकडून हातांचे आणि मानेचे काम शिकून हिंदी चित्रपटगीतांवर नृत्य बसवले आणि एकूण स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१४ मध्ये याच जोडीने सुवर्णही जिंकले. २०१० च्याच त्या मोसमात एका रशियन जोडीने ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या नृत्याची नक्कल केली, तेव्हा तिथल्या आदिवासी नेत्यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. या दोन्ही उदाहरणांतून नंदुरबारने घ्यावे असे बरेच आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या होळीत रात्रभर चालणारी पावले, आखाजीला झोक्यावरच्या आणि फुगडीच्या गाण्यांची लय, हा ठेवा आपल्या मुलांच्या पायांत आधीपासून आहे. पण पावरा-भिल्लांचे नृत्य स्केटवर बसवायचे असेल, तर ते त्यांच्यातल्याच जाणत्यांनी शिकवावे, त्यांना त्याचे मानधन मिळावे आणि उतरणाऱ्या मुलांत त्यांची मुले असावीत. मोरपिसे लावून केलेली वरवरची नक्कल मला मान्य नाही; शाळांच्या स्नेहसंमेलनांत ती आपण पुरेशी पाहिली आहे.

कारकिर्दीच्या उत्तरार्धाबद्दल पालक फारसे विचारत नाहीत, पण परिषदांनी विचार केला पाहिजे. आइस डान्समध्ये बक्षिसाच्या पैशावर घर चालवणारे खेळाडू मोजके असतात. दोघांचे प्रशिक्षण, रिंकचे तासाचे भाडे, नृत्यदिग्दर्शक, वेषभूषा, प्रवास हा खर्च बहुतेक कुटुंबेच सोसतात. तिशीच्या आसपास स्पर्धा थांबतात, मग काही जण शोमध्ये काम करतात आणि बरेच जण शिकवू लागतात. स्कॉट मॉयर आज प्रशिक्षक आहे. नृत्यदिग्दर्शक, तांत्रिक तज्ज्ञ, पंच ही याच ज्ञानावर उभी राहणारी कामे आहेत. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. साहजिकच पालक प्रमाणपत्राच्या हिशेबाने खेळ निवडतात. त्यांना मी खोटी आशा दाखवत नाही. या वाटेवर प्रमाणपत्र उशिरा येते, आणि येईलच असेही नाही. पण एज ओळखणारा पंच खानदेशात तयार झाला, तर आमच्या मुलांना आपले वळण बरोबर की चूक हे कळण्यासाठी पुण्या-मुंबईच्या स्पर्धेपर्यंत थांबावे लागणार नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे. तिन्ही जिल्हा क्रीडासंकुलांत मिळून निदान एक छताखालील जागा अशी असावी, जिथे सांधे भरून घोटून गुळगुळीत केलेली काँक्रीटची फरशी असेल, आणि तिथे सकाळी सात ते नऊ ही वेळ कलात्मक स्केटिंगसाठी वर्षभर राखून ठेवली जावी, लग्नसराईसुद्धा. साहाय्य एकेकट्या खेळाडूऐवजी जोडीला द्यावे, पदकाची वाट न पाहता द्यावे आणि किमान चार वर्षांसाठी द्यावे. दरवर्षी आढावा घ्यावा, पण तो पदकांचा न घेता जोडी एकत्र सराव करते आहे का आणि ठरवून दिलेली वळणे तिला येतात का, याचा घ्यावा. जोडीतला एक जण दहावी-बारावीत असेल, तर सरावाच्या वेळा बदलून द्याव्यात, जोडी मोडू नये. जिल्हास्तरीय स्पर्धांत दोन मुलींची जोडी आणि सोलो डान्स यांना प्रवेश असावा. ठरलेली चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या एक-दोन जोड्यांना उन्हाळ्याच्या सुटीत डेहराडूनच्या रिंकवर सरावासाठी पाठवावे. बर्फ लागतो तो इथे, आणि तेवढाच. तिन्ही जिल्ह्यांतून दोन शिक्षकांना, शक्यतो त्यांतली एक महिला असावी, पंच आणि तांत्रिक तज्ज्ञाच्या प्रशिक्षणासाठी पाठवावे.

एका अटीवर मात्र मी स्वतः ठाम आहे. जोडीचा खेळ असल्याने प्रशिक्षकाला मुलांच्या अंगाला हात लावून पकड दुरुस्त करावी लागते. म्हणून सराव बंद दाराआड होऊ नये, प्रत्येक सत्रात एक महिला पालक किंवा शिक्षिका हजर असावी, प्रवासात मुलींसोबत महिला व्यवस्थापक असावी आणि तक्रार कोणाकडे करायची हे भिंतीवर ठळक लिहिलेले असावे. हे होत नसेल तर बाकीच्या मागण्याही पुढे नेऊ नयेत.

खानदेशातून दहा वर्षांत ऑलिंपिकची जोडी निघेल, असे मी म्हणत नाही. भारताकडून आजवर कोणीही हिवाळी ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगमध्ये उतरलेले नाही, तेव्हा तसे म्हणणे थापच ठरेल. दहा वर्षांत सात-आठ जोड्या तयार झाल्या, त्यातल्या दोन टिकल्या आणि एक बर्फावर स्थिर उभी राहिली, तरी मी समाधानी असेन.

आपल्या पुढील बैठकीत वीस मिनिटे मिळाल्यास आमच्या वर्गातल्या दोन जोड्या, त्यांतली एक दोन बहिणींची आहे, रॉकर आणि काउंटर प्रत्यक्ष करून दाखवतील. बैठकीच्या दालनात फरशी कशी आहे, ते मात्र आधी कळवावे. गालिचा असेल तर आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात दाखवू. जागेचा नकाशा, फरशी घोटून घेण्याचे स्थानिक ठेकेदाराचे अंदाजपत्रक आणि चाचणीतल्या वळणांची आकृत्यांसह माहिती मी सोबत आणीन.

आपली विश्वासू,
एक क्रीडाशिक्षिका
भुसावळ, जि. जळगाव